पहिल्या रांगेचा फोटो

भर बाजारात आपलाच आवाज ऐकू आला, तर माणसानं काय करावं? एलेनोआनं तोंडातला तळलेल्या गोड केकेचा घास तसाच गालात धरून ठेवला आणि मान वळवून पाहिलं.

शनिवारची सकाळ होती. बेटावरच्या नेयाफूच्या बाजारावर भुरभुर पाऊस पडत होता, ताडपत्र्या टपटपत होत्या, आणि रताळ्यांच्या राशीपाशी उभा राहून एक उंच तरुण हातातला फोन सगळ्यांना ऐकवत होता. फोनमधून एलेनोआच बोलत होती.

"मालो ए लेलेई! तुमच्या व्हॅनिलाच्या वेली जोमात आहेत. आता प्रत्येक वेलीचा शेंडा वीतभर छाटा. वरची सावली जरा विरळ करा. वेलीला थोडा त्रास झाला, की ती फुलावर येते... बरं का!"

"ऐकलंत?" तरुणानं कमरेवर हात ठेवला आणि आवाज बारीक केला. "वेलीला त्रास द्या म्हणे... बलं का! नेयाफूच्या कचेरीत पंख्याखाली बसायचं आणि तिथून आम्हाला शिकवायचं. उंटावरून शेळ्या हाकायचं काम नुसतं!"

रताळीवाल्या बाया फिदीफिदी हसल्या. एलेनोआची कानशिलं तापली. गेलं वर्षभर ती त्या सल्ला-केंद्रात काम करत होती. बागायतदार आपल्या वेलीचा फोटो पाठवायचे, कचेरीतला संगणक पान, पाऊस, माती बघून काय करायचं ते सांगायचा, आणि एलेनोआ ते आपल्या बोलीत, आपल्या आवाजात, ज्याचं त्याला कळवायची. लोक तिला दुवा देतात अशी तिची समजूत होती. आणि हा बघा!

"मग? छाटलेत का शेंडे?" तिनं विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"उगाच विचारलं. नावंही ठेवायची आणि ऐकायचंही, असे बरेच असतात."

तो जरा वरमला. "छाटले. सगळ्या बागेचे. आता रोज सकाळी उठून वेलींची माफी मागतो."

"एवढा संशय होता, तर छाटले कशाला?"

"काय आहे..." त्यानं मान खाजवली. "आवाज चांगला आहे हो तिचा. ऐकताना असं वाटतं, की आपल्याच पडवीत बसून कुणीतरी..."

"काय वाटतं?"

"काही नाही. म्हातारी असणार. दातसुद्धा नसतील."

"सगळे आहेत," एलेनोआ म्हणाली. "जागच्या जागी. बरं का!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. रताळीवाली तर पोट धरून खालीच बसली. "फेलेती, मेल्या! आता वेलींबरोबर हिचीही माफी माग!"

फेलेती! एलेनोआच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात ज्याचा अंगठा येतो, तो फेलेती! नखाशी आडवा व्रण असलेला तो अंगठा तिच्या कधीचा ओळखीचा होता. तिनं हळूच खाली पाहिलं. फोन धरलेल्या हातावर तो व्रण होता.

फेलेतीनं आपली छत्री तिच्या डोक्यावर धरली, मग तिच्या हातातच दिली. स्वतः भिजत राहिला.

"सोमवारी बागेत याल? डोळ्यांनी बघा एकदा." मग घाईघाईनं, बाया ऐकताहेत हे लक्षात येऊन, "आत्या असते घरी! दिवसभर असते!"

"येईन," एलेनोआ म्हणाली, आणि छत्री परत द्यायची विसरून चालू लागली.

सोमवारी फेलेती इस्त्रीचा शर्ट घालून बागेच्या तोंडाशी उभा होता. चिखलात. पडवीत त्याची आत्या, तोकिलुपे, चटई विणत बसली होती. फेलेतीचे वडील वारल्यापासून घरात तिचाच शब्द चाले. तसाही आमच्याकडे आत्याच्या शब्दापुढे आईबापही तोंड उघडत नाहीत.

"ही ती फोनवाली?" आत्यानं विणकामावरून नजर न काढता विचारलं. "बारीक आहे."

पहिल्या रांगेपाशी एलेनोआ हरखली. जाड, तुकतुकीत पानं, बोटभर जाडीच्या वेली. फोटोत दिसायची तीच बाग. फेलेती शेजारून चालत होता, फांदी आली की तिच्यासाठी बाजूला धरत होता. ती दुसऱ्या रांगेत शिरली आणि थबकली.

इथली पानं पिवळट होती. तिसऱ्या रांगेत तर वेली सुतळीएवढ्या, आणि त्यांचेही शेंडे छाटलेले. पार मागच्या कुंपणापर्यंत तेच.

"फेलेती... फोटो कुठल्या वेलीचे पाठवत होतात?"

"पहिल्या रांगेतल्या. का?"

"नेहमी?"

"मग काय मागच्या मरतुकड्या पाठवू?" तो हसला. "पाहुण्यापुढे ठेवायचा यामचा कंद आपण टोपलीतला सगळ्यात चांगलाच निवडतो ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. या बेटावर कुणी तसंच केलं असतं. पण हे तिला सुचायला नको होतं का? ती काय परदेशातून आली होती? तिच्याच घरी पाहुण्याला फुटकी बशी दाखवत नाहीत. संगणकाला एक वेळ कळणार नाही, पण तिनं एकदा, एकदा तरी विचारायला हवं होतं, की बाबा, बाकीची बाग कशी आहे?

गप्प बसावं असं तिला वाटलं. खरंच वाटलं. कदाचित काही होणारही नाही... पण फेलेती इतक्या विश्वासानं बघत होता, की गप्प राहायचा तिचा धीर झाला नाही. पडवीपाशी आल्यावर तिनं सांगून टाकलं.

"तो सल्ला जोमदार वेलींसाठी होता. अशक्त वेलींचे शेंडे छाटायचेच नसतात. सावलीही काढायची नसते. मागच्या रांगा आता फुलावर येतील का... मला नाही सांगता येत. काही मरतीलही."

फेलेतीचं हसू मावळलं. आत्याचे हात थांबले.

"म्हणजे रोगी न बघता औषध दिलंत," आत्या म्हणाली. "छान! ऐक फेलेती. न्यूझीलंडला सफरचंद तोडायला टोळी निघालीय, तुझी जागा मी धरून ठेवलीय, आणि तू म्हणतोस, नाही, मी बाबांची बाग उभी करीन. मी गप्प बसले. आता माझा शब्द ऐक. टोळी निघेपर्यंत बागेनं कळ्या धरल्या, तर राहा. नाही धरल्या, तर मुकाट्यानं विमानात बस."

"आत्या..."

"झालं बोलून."

त्या दिवसापासून एलेनोआची झोप उडाली. तिनं फेलेतीला बजावलं, की मागच्या वेलींवर पुन्हा सावली कर, नारळाच्या काथ्याचं आणि कुजक्या पाल्याचं जाड आच्छादन मुळांवर घाल, आणि मुळांवर पाय देऊ नकोस. तो सगळं करत होता. आणि आता तो रोज सकाळी फोटो पाठवायचा तो सगळ्यात वाईट वेलीचा.

"आजचा रोगी," त्याचा आवाज यायचा. "कुंपणापासची. काल एक पान गळलं. मी तिच्याशी बोललो."

"काय बोललात?"

"म्हटलं, बाई, मरू नकोस. तू मेलीस तर मला सफरचंदं तोडावी लागतील, आणि मला सफरचंद आवडत नाही."

"मग काय म्हणाली?"

"तुमच्या आवाजात म्हणाली, बरं का!"

ती हसायची, आणि फोन ठेवला की तिचा जीव पुन्हा टांगणीला लागायचा. हसवणारा हा माणूस तिच्याच चुकीनं समुद्रापार जाणार होता. ती पुन्हा पुन्हा हवामान बघायची. वेली फुलावर यायला आता महिनाभर कोरडं हवं होतं, आणि पाऊस होता की हटत नव्हता. छपरावर थेंब वाजले, की तिच्या छातीत धस्स व्हायचं. आधी ते वेलींसाठी व्हायचं... नंतर नंतर ती स्वतःशी खोटं बोलेनाशी झाली. तिला तो जायला नको होता. बस्स.

आणि अशातच तो घोळ झाला.

रविवारी दुपारी, प्रार्थनेहून आल्यावर, सगळं घर उमूतलं, जमिनीतल्या भट्टीत शिजवलेलं, जेवण जेवत होतं. थोरला भाऊ सेमीसी समोर बसला होता. एलेनोआच्या हाताला नारळाचं दूध लागलेलं, तिनं फोनवर कोपरानं काहीतरी दाबलं, आणि फेलेतीचा आवाज खोलीभर घुमला.

"आज रोगी नाही पाठवत. रविवार आहे. नुसतं सांगायचं होतं, की... पाऊस पडला की मला आता वेली आठवत नाहीत. ती छत्री आठवते. आणि छत्रीखालची..."

तिनं फोन पालथा घातला, पण व्हायचं ते होऊन गेलं. आमच्याकडे बहिणीपुढे भावानं आणि भावापुढे बहिणीनं असलं अक्षर ऐकायचं नसतं. एका खोलीत सिनेमासुद्धा बघत नाहीत. सेमीसीनं हातातला अळूच्या पानातल्या लूचा घास खाली ठेवला. कुणाकडे न बघता उठला आणि सरळ बाहेर चालता झाला. एलेनोआला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी आई आली. "सेमीसी विचारतोय."

"काय?" एलेनोआनं खाली बघतच विचारलं.

"तो कुणीतरी जो आहे, ज्याच्याबद्दल सेमीसीला काहीही माहीत नाही, तो काव्हाची नशा करायला रोज बसतो, की कधीमधी?"

"कधीमधी."

आई बाहेर गेली, परत आली. "सेमीसी म्हणतो, बरं."

एवढ्या काळजीतही एलेनोआला हसू आवरलं नाही.

कळ्या आल्या. पण कुठं? पहिल्या रांगेत. फेलेतीनं फोटो पाठवला, पानाच्या बेचक्यातून हिरवे टोकदार तुरे बाहेर पडले होते, आणि त्यामागे त्याचा अंगठा. एलेनोआ खुर्चीवरून उठून नाचलीच.

"आणि मागे?" तिनं विचारलं.

या वेळी नुसता आवाज आला.

"मागे नाहीत," तो म्हणाला. "कुंपणापासच्या वाळल्या. मधल्या जगतील, पण यंदा काही नाही. आत्या म्हणते, एका रांगेला बाग म्हणत नाहीत. बरोबरच आहे तिचं. शुक्रवारी निघतोय."

त्यानंतर त्याचा फोटो आला नाही, आवाज आला नाही. तिनं निरोप पाठवला, दुसरा पाठवला... तिसरा अर्धा बोलून पुसून टाकला. त्याच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते, असं तिनं मनाला समजावलं, आणि मन काही समजेना. तो रागावून गेला, तर? माफी न मागता, काही न सांगता तिनं त्याला जाऊ दिलं, तर? ते तिला जन्मभर पुरलं असतं.

गुरुवारी तिनं आईला सांगितलं, "मी उद्या सकाळी तोकिलुपे आत्यांच्या दारात इफीची पानं घालून बसणार आहे."

आईचा हात तोंडावर गेला. इफीच्या पानांची माळ गळ्यात, फाटकी चटई कमरेला, आणि ज्याचा अपराध केला त्याच्या दारात मान खाली घालून बसायचं. आमच्याकडे याच्यापुढे माफी नाही. घरातलं माणूस बाहेर येऊन हात धरून उठवेपर्यंत उठायचं नाही. नाही उठवलं, तर साऱ्या गावात शोभा.

"अगं, वेलींसाठी कुणी असं बसतं का?"

"वेलींसाठीच नाही," एलेनोआ म्हणाली आणि रडायला लागली.

शुक्रवारी उजाडताना ती बाहेर आली, तर सेमीसी गाडीपाशी उभा. कमरेला घरातली सगळ्यात जुनी, विरलेली चटई, गळ्यात इफीची पानं. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "घरातल्या एकाची चूक म्हणजे घराची चूक. बस गाडीत."

दोघं तोकिलुपेच्या अंगणात चिखलात बसली. पावसाची सर येऊन गेली. एलेनोआच्या मानेवरून पाणी ओघळत होतं, पानं गळ्याला चिकटली होती. आत भांड्यांचा आवाज होत होता. कुणीतरी पडदा सारला, पुन्हा सोडला. दार उघडेना. शेजारणी कुंपणाशी जमल्या. आत्या बाहेर नाहीच आल्या तर? विमानाची वेळ झाली, आणि तो मागच्या दारानं निघून गेला तर? सेमीसी शेजारी दगडासारखा बसला होता, आणि तो आहे एवढाच तिला आधार होता.

शेवटी दार वाजलं. आत्याचे अनवाणी पाय तिच्यासमोर येऊन थांबले.

"काय गं, बोल."

"मी बाग न बघता सल्ला दिला," एलेनोआ खाली बघूनच म्हणाली. "विचारायला हवं होतं, विचारलं नाही. तुमच्या भावाची बाग माझ्यामुळे गेली. मला क्षमा करा."

आत्या एक पाऊल पुढे आली. मग खाली वाकली आणि तिची हनुवटी वर उचलली.

"खरं सांग. माफी मागायला आलीस, की मुलगा मागायला?"

सेमीसी ताडकन उठला. कान लालबुंद. लांब ढांगा टाकत जो गेला, तो थेट परड्यातल्या नीरफणसाच्या झाडामागे. कुंपणापलीकडच्या शेजारणी खिदळल्या. एलेनोआनं त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत वाट पाहिली.

"दोन्ही," ती म्हणाली.

आत्यानं तिच्या गळ्यातली पानं ओढून काढली आणि हाताला धरून तिला उभं केलं. "माफी दिली. चूक काय तुझ्या एकटीची? आमच्याही बहाद्दरानं पहिलीच रांग मिरवली. पण मुलगा आज जाणार. शब्द दिलाय, टोळीत त्याची जागा रिकामी ठेवता येणार नाही. आणि घरात खायचं काय, कळ्या? हंगाम संपला की येईल."

"येतील?"

"मला काय विचारतेस? तो बघ, दारात उभा आहे मघापासून. शर्ट वेडावाकडा घातलाय, बटणंसुद्धा नीट लागली नाहीत. त्याला विचार." ती वळली आणि पुन्हा थांबली. "आणि तोवर बाग तू बघायचीस. फोनवरून नाही. पायांनी यायचं, माझ्यासमोर यायचं. एका रांगेची फुलं आहेत, रोज सकाळी हातानं पराग टेकवून त्यांची लग्नं लावावी लागतात, माझे डोळे आता पोचत नाहीत. चहा मिळणार नाही, आधीच सांगते."

फेलेती पायऱ्या उतरून आला. दोघं बागेत गेली, पहिली रांग ओलांडून, मागे, जिथं सुतळीएवढ्या वेली काथ्याच्या आच्छादनात उभ्या होत्या. आत्याला पडवीतून दिसेल इतपतच.

"मला वाटलं, तुम्ही रागावलात," एलेनोआ म्हणाली.

"रागावलो नव्हतो. लाज वाटत होती." तो वेलीकडे बघत होता. "बागेचं जे केलं तेच माझंही. चांगलं तेवढंच दाखवत होतो तुम्हाला. त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट... माझा नव्हताच. चुलतभावाचा."

"ते कळलं होतं. खांद्यात सैल होता."

तो हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज चिरकला. "एलेनोआ, मला जायचं नाहीये. खरंच नाही. मला भीती वाटते. तिथं जाऊन येणाऱ्यांचं काय काय होतं ते बघितलंय मी. काही येतच नाहीत."

"मलाही वाटते."

"मग... तू वाट बघशील? म्हणजे, जबरदस्ती नाही. मी नुसतं विचारतो..."

"मघाशी 'दोन्ही' म्हणाले, ते ऐकलं नाहीस?"

"ऐकलं. पुन्हा ऐकायचं होतं."

"बघेन वाट," एलेनोआ म्हणाली. "माझं प्रेम आहे तुझ्यावर, वेड्या. चिखलात कोण बसतं असं?"

त्यानं तिचा हात हातात घेतला. ओला, मातीनं भरलेला. पडवीतून आत्या खाकरली. त्यानं सोडला नाही. आत्या पुन्हा खाकरली, तेव्हा सोडला.

अंगणात फेलेतीची बॅग पायरीवर ठेवली होती. सेमीसी झाडामागून बाहेर आला, अंगावरची पानं झटकत. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही, फेलेतीकडेही पाहिलं नाही. बॅगेकडे पाहिलं.

"जड दिसतेय," तो म्हणाला. "गाडी आहे माझी. विमानतळापर्यंत मी सोडतो."

भावानं याहून जास्त काही बोलायचं नसतं, आणि सेमीसीनं तर आज भरभरून बोलून घेतलं होतं.

पुढे दोघं पुरुष बसले, मागे गाडीच्या उघड्या हौद्यात आत्या आणि ती. गाडी निघाली तशी आत्यानं आपल्या चटईचं एक टोक तिच्या ओल्या खांद्यांवर ओढलं.

"रड आता, काय रडायचं ते," आत्या म्हणाली. "तिथं पोचल्यावर रडायचं नाही. त्याला जायचंय."